पुण्याहून यायचा पार्ट

नवी गाडी घेणाऱ्यांकडे फोटो असतात, जुनी घेणाऱ्यांकडे किस्से!

ते साठतात कसे, तर सीटखालच्या कचऱ्यासारखे. आमच्या गाडीच्या मागच्या सीटखाली हात घातला की काहीही निघतं. सईचा एक मोजा (दुसरा कधीच नाही), अर्धं बिस्कीट, त्र्यंबकच्या प्रसादातला खडीसाखरेचा खडा, केसांची पिन. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण असतं. किस्स्यांचंही तसंच. फक्त कचरा झाडून टाकता येतो, आणि किस्सा सांगायला समोर माणूस लागतो. दुपारी माझ्यासमोर सई असते. ती साडेतीन वर्षांची आहे आणि तिला फक्त हत्तीचे किस्से चालतात.

म्हणून इथे सांगते.

आम्ही सोलापूरचे. निखिलची, म्हणजे नवऱ्याची, नोकरी नाशकात म्हणून पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला. खोकी उघडून व्हायच्या आत कंपनीने त्याला राजस्थानातल्या सोलर प्लांटवर पाठवलं. फ्लॅट आमचा झाला होता, शहर अजून लोकांचंच होतं. आणि मी ‘सईची मम्मी’. सोसायटीत माझं नाव कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. कुणी विचारलंही नाही म्हणा.

*

गाडी घ्यायची कल्पना निखिलची, जायच्या आधीची. "तुम्ही दोघीच असणार. सईला ताप आला, रिक्षा नाही मिळाली, तर?"

हा ‘तर?’ त्याने मला देऊन टाकला आणि माझी झोप गेली. मला गाडी चालवताच येत नव्हती. लायसन्स होतं, पण ते माझ्या एम.एस्सी.सारखं होतं. फाईलमध्ये.

मुंबई नाक्याजवळ एका एजंटच्या पटांगणात जुन्या गाड्या लावलेल्या होत्या. पहिल्या गाडीवर थाप मारून तो म्हणाला, "लेडी डॉक्टरची आहे. घर ते क्लिनिक, क्लिनिक ते घर. बास!" दुसरी गाडीही लेडी डॉक्टरची निघाली. तिसरीही. चौथीपाशी मी हळूच विचारलं, "नाशकातल्या सगळ्या लेडी डॉक्टर एकदमच गाड्या का विकतायत?"

एजंट जराही डगमगला नाही. "ताई, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ही डॉक्टरची नाही. ही शिक्षिकेची आहे."

त्या प्रामाणिकपणावर आम्ही भाळलो! व्यवहार झाला. गाडी घरी आणताना एजंट मागे बसला होता. निखिलने एसी लावला आणि समोरच्या जाळीतून फर्रर्र करून कांद्याची सालं उडाली. माझ्या केसांत, सईच्या फ्रॉकवर, निखिलच्या चष्म्यावर. गाडीने कित्येक हंगाम लासलगावला पोती वाहिली असणार.

"काय हो," निखिल म्हणाला, "शिक्षिका कांदा विकायच्या का?"

मागून शांत आवाज आला, "शिक्षकाच्या पगारात भागतं का, साहेब?"

*

निखिल दुसऱ्या दिवशी राजस्थानला गेला. गाडीची पूजा राहिली होती, ती मी एकटीने केली. सोलापूरहून आई व्हिडिओ कॉलवर सूचना देत होती. स्वस्तिक काढ, नारळ फोड, चारी चाकांखाली लिंबू ठेव आणि गाडी पुढे घे.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन आल्या. मी उत्साहाने पेढ्यांचा बॉक्स उघडला. म्हटलं, चला, ओळख होईल.

"नवीन का?"

"नाही, सेकंडहॅण्ड."

"अगं मग पूजा कशाला? आधीच्यांनी केलीच असेल की!" असं म्हणून त्या लिफ्टमध्ये गेल्यासुद्धा. मी उघडा बॉक्स घेऊन उभी!

मग सईला मागे बसवून, पट्टा तीनदा तपासून, गाडी सुरू केली. गाडीने उसळी मारली आणि बंद पडली. पुन्हा उसळी, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा कशीबशी पुढे गेली, पण लिंबं दबल्याचं काही जाणवलं नाही. उतरून पाहिलं. चारही लिंबं चाकांच्या धक्क्याने सटकून बाजूला पडली होती. शाबूत! टवटवीत!

सईने एक उचललं, फ्रॉकला पुसलं आणि जाहीर केलं, "आई, लिंबू जिंकलं!"

पेढे आम्ही दोघींनी आठवडाभर खाल्ले.

*

सोसायटीच्या आवारात चकरा मारून गाडी जरा हातात आली, आणि मग आवाज सुरू झाला.

ब्रेक मारला की खळ्ळ, वळलं की खुळखुळ. मी इंटरनेटवर शोधलं. ती माझी वाईट सवय आहे. सईला शिंक आली तरी मी शोधते आणि घाबरून बसते. गाडीच्या बाबतीत तिथे लिहिलं होतं की चाक निखळू शकतं. झालं!

वॉचमनने वडाळा रोडवरच्या रफिकभाईंच्या गॅरेजचा पत्ता दिला. चाक निखळेल या भीतीने मी इतक्या सावकाश गेले की मागून येणारी उसाची ट्रॉलीसुद्धा पुढे निघून गेली.

रफिकभाई म्हणजे पन्नाशीचा, गोल पोटाचा, कायम गालात सुपारी धरून बोलणारा माणूस. "कसा आवाज येतो, ताई?"

मी लाजत म्हटलं, "खळ्ळ... खुळखुळ."

"नाही नाही," मागून सई ओरडली, "खळ्ळ नाही, छळ्ळ!"

रफिकभाईंनी द्वारका चौकापर्यंत चक्कर मारली. आवाज नाही. ब्रेक मारून पाहिला, वळून पाहिलं. चिडीचूप. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरतो ना, तसं! "माझ्यावर विश्वास ठेवा हो, येतो आवाज," असं मी इतक्यांदा म्हणाले की माझाच विश्वास उडाला.

शेवटी त्यांनी पुढची सीट सरकवली, खाली हात घातला आणि चिमटीत धरून एक वस्तू बाहेर काढली. सईच्या भातुकलीतला इवलासा स्टीलचा कुकर. शिट्टीसकट. तो उजेडात फिरवून पाहत ते गंभीरपणे म्हणाले,

"ताई, हा पार्ट कंपनीचा नाही."

*

लाजेने मी तोंड लपवून निघणार होते, पण रफिकभाई म्हणाले, "बसा, चहा येतोय. जेवलात का?"

मी ‘हो’ म्हणाले. मग आठवलं की जेवले नव्हते. मग हेही आठवलं, की हे मला समोरासमोर कुणी विचारल्याला किती दिवस झाले. फोनवर विचारतात, पण फोनवर ‘हो’ म्हटलं की संपतं. इथे रफिकभाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चहाबरोबर पाव मागवला.

गॅरेजमध्ये बसायला सोफा आहे. सोफा म्हणजे एका जुन्या गाडीची मागची सीट, भिंतीला टेकवलेली. तिच्यावर डाव्या कोपऱ्यात जाधवकाका बसलेले असतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांची पांढरी गाडी गॅरेजच्या मागच्या बाजूला उभी असते, बॉनेट उघडं, चाकांत हवा नाही. सोफा तिचीच सीट. काका रोज येतात आणि स्वतःच्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसतात!

"काका, तुमच्या गाडीला काय झालंय?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"पार्ट यायचाय. पुण्याहून."

"आणि सीट का काढली?"

"मागे बसणारी गेली," काका म्हणाले. मग माझा चेहरा पाहून घाईने, "घ्या, पाव घ्या. गार होतो."

*

त्यानंतर आमच्या गाडीला वरचेवर आवाज येऊ लागला. विशेषतः गुरुवारी.

का ते विचारू नका. गुरुवारी जेवणं झाली की मला वाटायचं, स्टीअरिंगमधून काहीतरी कुरकुरतंय. सईलाही वाटायचं, कारण काका तिला श्रीखंडाच्या गोळ्या देतात. रफिकभाई दर वेळी चक्कर मारून यायचे, कान लावायचे, एखादा नट उगीच आवळायचे. मग चहा. मग काकांचं आणि रफिकभाईंचं भांडण, गंगापूर रोडवरची मिसळ चांगली की सातपूरची. दोघांनीही कित्येक वर्षांत दोन्ही खाल्लेल्या नाहीत. काकांना ॲसिडिटी, रफिकभाईंना शुगर!

एका गुरुवारी रफिकभाई म्हणाले, "ताई, तुमच्या गाडीचा गुरुवारचा उपास असेल. भुकेने कुरकुरते."

मी हसले. पण घरी येताना वाटलं, त्यांना कळलं असेल का? आणि कळलं असेल तर पुढच्या गुरुवारी कुठलं तोंड घेऊन जायचं?

पुढच्या गुरुवारी हेच तोंड घेऊन गेले.

*

खरा बिघाड झाला तेव्हा अर्थातच गुरुवार नव्हता!

अंबड लिंक रोडवर, दोन्ही बाजूंनी कंपन्यांच्या बस, आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. निखिलला फोन लावला. साइटवर रेंज नाही. आईला लावला. ती म्हणाली, "रामरक्षा म्हण आणि डावीकडे थांब." डावीकडे थांबले. रामरक्षा अर्ध्यात विसरले. मागे सई विचारतेय, "आई, आपण हरवलो?" मी म्हणाले, "नाही, आपण थांबलोय." माझं मलाच ते फारसं पटलं नाही.

मग रफिकभाई. "कुठला दिवा लागलाय, ताई? कसा दिसतो?"

"असा... गोष्टीत जादूचा दिवा असतो ना? चोचीचा? त्याच्या चोचीतून थेंब पडतोय."

मग ते ओरडले, "ताई, घासू नका! इंजिन बंद करा!"

ऑइल गळून गेलं होतं. स्कूटरवरून डबा घेऊन ते स्वतः आले. मागे बसून आले जाधवकाका, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. ऑइल भरून होईपर्यंत ते सईला बसचे नंबर वाचून दाखवत होते.

निखिलचा फोन संध्याकाळी आला. "मिस्ड कॉल होता. काही अर्जंट?"

"नाही," मी म्हटलं. "झालं."

*

हा पुढचा किस्सा सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय शेवटचा कळणार नाही.

एकदा रफिकभाई बाहेर गेले होते आणि मी उगीच फळीवरचे पार्ट बघत होते. फिल्टर, बेल्ट, हॉर्न. सगळ्यात वर, कोपऱ्यात, धुळीने माखलेला एक खोका. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘जाधव काका’ आणि खाली पुण्याच्या दुकानाचा शिक्का.

मला इतका आनंद झाला! "काका! अहो, तुमचा पार्ट आलाय की!"

काकांनी पेपर खाली केला. माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलंच नाही. तो कुठे आहे हे त्यांना पाहायची गरज नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तोंडातून गेलेलं वाक्य परत घेता आलं असतं तर!

तेवढ्यात रफिकभाई आत आले. त्यांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे एकेकदा पाहिलं आणि गालातली सुपारी दुसऱ्या गालात नेली.

"ते दुसरे जाधव," ते म्हणाले. "आडगावचे."

"हां," काका म्हणाले, "आडगावात जाधव पुष्कळ आहेत." आणि पेपर वर केला.

*

गणपतीत निखिल आला आणि म्हणाला, गाडी विकू या.

त्याचं चुकत नव्हतं. "तू जातेस कुठे? गॅरेजला. येतेस कुठून? गॅरेजहून! ही गाडी फक्त दुरुस्तीला जाण्यासाठी ठेवलीय का आपण?"

गाडी गेली तर गुरुवारी दुपारी मी कुठे जाणार, हे मला त्याला सांगता येईना. ‘मला गॅरेजला जायला गाडी हवी आहे’ हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. शिकल्या-सवरल्या बाईच्या तोंडी ते काही शोभेना. म्हणून म्हणाले, "बघ बाबा, तुला योग्य वाटेल ते."

तो परत गेल्यावर एक गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको. निखिल व्हिडिओ कॉलवर. गृहस्थांनी विचारलं, "काही प्रॉब्लेम?" आणि मी सुरू झाले! एसीतून अजूनही अधूनमधून साल येतं. ऑइल एकदा गळलंय. स्टीअरिंग कुरकुरतं, विशेषतः गुरुवारी. फोनमधून निखिल खोकत होता, मी थांबले नाही.

आश्चर्य म्हणजे गृहस्थ नुसते मान डोलवत होते. "जुनी गाडी म्हटलं की चालायचंच. बरं, चालवतं कोण?"

"मीच."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

"मग जरा विचार करून कळवतो," ते म्हणाले.

एजंट तिकडे लेडी डॉक्टर सांगून गाड्या खपवतो, आणि माझी डिग्री सांगायची वेळसुद्धा आली नाही! ते गेल्यावर निखिल म्हणाला, "तू गाडी विकत होतीस की तिची तक्रार करत होतीस? जाऊ दे. त्या मुंबई नाक्याच्या एजंटलाच देऊ. दसऱ्याला तो गाडी बघायला येईल."

मग मी गॅरेजला जायचंच बंद केलं. म्हटलं, जायचं नाहीये तर सवय तरी मोडू. दोन-तीन गुरुवार घरीच काढले. सई दारात चपला घालून बसायची. मी तिला हत्तीची गोष्ट सांगायचे. हत्ती गॅरेजला जातो, अशी सुधारणा तिने त्यात केली.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सकाळीच रफिकभाईंचा फोन.

"ताई, आवाज कसा आहे गाडीचा?"

"नाही हो. बंद झालाय."

"असं कसं? असेल. नीट ऐका."

"खरंच नाही, रफिकभाई."

"मला तर इथपर्यंत येतोय. आज घेऊन या."

"आज?" खंडेनवमीला नाशकातला कुठलाच कारागीर हत्याराला हात लावत नाही. कंपन्यांतली मशीन असोत की पंक्चरवाल्याचा पंप, सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि सुट्टी. रफिकभाईंच्या उस्तादांची हीच रीत, म्हणून त्यांच्याकडेही. "आज पाना हातात घेत नाही ना तुम्ही?"

"नाही घेत."

"मग आवाज आला तर करणार काय?"

"काय करणार? ऐकणार," रफिकभाई म्हणाले. "सईला घेऊन या. काकांनी पेढे आणलेत."

गेले. शटर अर्धं वर होतं. बाकावर पाने, जॅक, हातोड्या ओळीने मांडलेल्या, त्यांना हळद-कुंकू आणि झेंडू. काका सोफ्यावर, पण आज उजव्या कोपऱ्यात सरकून बसलेले. सई धावत जाऊन त्यांच्या जागेवर बसली. आमच्या गाडीचं बॉनेट कुणी उघडलं नाही. रफिकभाईंनी फक्त तिच्या आरशाला माळ घातली. "आधीच्यांनी घातली असेल की," मी म्हणाले. "त्यांची सुकली," ते म्हणाले.

तिसऱ्या पेढ्याला निखिलचा फोन आला. "कुठे आहेस?"

"गॅरेजला."

"आज? आज तर काम नसतं ना? काय झालं गाडीला? एजंट उद्या बघायला येतोय, त्याला काय सांगू?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते, मला आजही माहीत नाही. रफिकभाईंनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"सलाम, साहेब. हां, गाडी माझ्याकडेच आहे. नाही नाही, घाबरायचं काही नाही. पण उद्या नाही देता येणार." त्यांनी सुपारी दुसऱ्या गालात नेली. "पार्ट यायचाय. पुण्याहून."

सोफ्यावर जाधवकाकांनी सईच्या हातात आणखी एक पेढा ठेवला आणि फोनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"पुण्याचा पार्ट म्हटल्यावर वेळ लागतो हो!"